पेन ड्राइव्ह दिसतो, पण उघडत नाही

लिनक्सवर पेन ड्राइव्ह लावला की उघडायला हवा. बास, एवढंच मागणं आहे!

काल रात्री शेजारच्या काकू सोसायटीचा हिशेब पेन ड्राइव्हवर घेऊन आल्या. एक प्रिंट हवी होती. लावला. दिवा लुकलुकला. डीमेसेगमध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) नोंदवहीत, तत्क्षणी नोंद: एसडीबी हा ड्राइव्ह, त्यात एसडीबी1 हा त्याचा भाग, कंपनी, क्षमता, सगळं. म्हणजे मशीनला सगळं कळलंय! फाइल मॅनेजरमध्ये मात्र शुकशुकाट. काकू विचारतात, "बिघडलाय का रे?" नाही हो काकू, बिघडलेला नाही. माउंट, म्हणजे ड्राइव्ह एखाद्या फोल्डरला जोडून उघडून देणं, कुणी करायचं, हेच या लोकांचं ठरत नाही. कर्नल फक्त ओळखणार. यूडेव्ह, म्हणजे उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम, फक्त नाव देणार. यूडिस्क्स, म्हणजे माउंट करून देणारी सेवा, कुणी सांगितलं तरच हलणार, आणि तो सांगणारा येतो मोठ्या डेस्कटॉपबरोबर. सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर पिटाळतात ना, अगदी तस्सं. जुन्या लॅपटॉपवर मोठ्या डेस्कटॉपऐवजी हलकं ओपनबॉक्स टाकलेल्याने मग बसावं बोंबलत!

आणि ते यूडेव्हच्या नियमाचं खूळ! जिथे शोधावं तिथे एकच सल्ला: ड्राइव्ह लावल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या नियमात 'रन' लिहा, पुढे माउंटची कमांड. लिहिली. फोल्डर रिकामा. पुन्हा काढला, लावला, रिकामाच. का, तर सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, यूडेव्हला स्वतंत्र माउंट नेमस्पेसमध्ये, जणू वेगळ्या खोलीत, चालवतं, तिथे काही माउंट झालं तरी आपल्याला बाहेर दिसणारच नाही. यूडेव्हच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय की नियमातून माउंट करायला परवानगी नाही. तरी लोक तेच जुनं उत्तर इकडून तिकडे डकवतात. अरे, दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतः एकदा चालवून बघा की! रात्री अकरा वाजता माणूस तुमच्या भरवशावर बसलेला असतो.

एफस्टॅबचं, म्हणजे बूट होताना काय काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलचं, तर नाव काढू नका. त्यात पेन ड्राइव्हच्या ओळीत 'नोफेल' (नसला तरी चालेल) हा पर्याय नसेल आणि पेन ड्राइव्ह लावलेला नसेल, तर बूट होताना मशीन 90 सेकंद ताटकळतं आणि मग थेट इमर्जन्सी मोड. एका पेन ड्राइव्हपायी अख्खा लॅपटॉप अडवायचा? ही कुठली रीत? सूडो लावून, म्हणजे रूटच्या (मुख्य ॲडमिनच्या) अधिकाराने, फॅट32 पद्धतीचा पेन ड्राइव्ह माउंट करा, तर सगळ्या फाइलींचा मालक रूट. माझा पेन ड्राइव्ह, माझ्या फाइली, आणि मलाच 'परमिशन डिनाइड'! मोठ्या कार्डांवर असते ती एक्सफॅट पद्धत थेट कर्नलमध्ये यायला 2019 उजाडलं, 5.4 आवृत्ती. तोवर कॅमेऱ्याचं कार्ड लावलं की आधी फ्यूजचं, म्हणजे कर्नलबाहेरून फाइल सिस्टम चालवणारं, पॅकेज हुडका. माउंट कुठे होणार, तेही धड एक नाही. कुठे 'मीडिया' फोल्डर, कुठे 'रन' फोल्डरच्या आतला 'मीडिया'. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने काय करायचं?

शेवटी यूडिस्क्सला आपणहून सांगणारं यूडिस्की टाकलं, ऑटोस्टार्टमध्ये एक ओळ घातली आणि झालं सुरू. इतकुसं पॅकेज! मग ते इन्स्टॉल करतानाच का देत नाही? हलकं हवं म्हणजे पेन ड्राइव्ह नको, असं कुणी सांगितलं तुम्हाला? निदान विचारा तरी एकदा!