‘पोराची साक्ष कोर्टात चालत नाही’ हा मेसेज आणि कायदा

सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडेच चार ठिकाणांहून आला, त्यातला एक मुंबईच्या चाकरमान्यांच्या मंडळाकडून. त्याचा मथितार्थ असा: लहान पोराची साक्ष कोर्ट धरत नाही, बघणारं कोणी नसतं, डॉक्टरी तपासणी कोरी येते, आरोपी दोन-चार वर्षांत सुटतो आणि पोरीचं नाव मात्र गावभर होतं, त्यापेक्षा गावकीत बसून मिटवा. खाली जोडलेले हात.

मी वकिली करते आणि पोक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचे, खटले चालवते, म्हणून हे लिहितेय.

पहिलंच विधान खोटं आहे. साक्ष द्यायला कायद्यात वयाची अट नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 118 मध्ये नव्हती आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 124 मध्येही नाही. पोराला प्रश्न कळतो का आणि त्याचं उत्तर देता येतं का, एवढंच न्यायाधीश बघतात. त्यासाठी आधी थोड्या गप्पा होतात. बाईंचं नाव काय, डब्यात काय होतं, खोटं बोललं तर काय होतं. एका चिमुरडीने या शेवटच्या प्रश्नावर ‘आजी मारता’ असं सांगितलं, आणि ते पुरेसं ठरलं. शपथेचा अर्थ कळत नसेल तर 12 वर्षांखालच्या मुलाला शपथ देत नाहीत, पण म्हणून साक्ष बाद होत नाही. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने रामेश्वर विरुद्ध राजस्थान खटल्यात आठ वर्षांच्या मुलीबाबत हेच सांगितलं. (आचऱ्याच्या रामेश्वरामुळे आपल्याकडे हे नाव विसरायला नको.) तिथेच हेही ठरलं की दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा बघणं हा सावधपणा आहे, त्याशिवाय शिक्षा होऊच शकत नाही असा नियम नाही.

पढवलेल्या साक्षीची भीती मात्र खरी आहे, आणि तिथेच खटले पडतात. पोर घरातला शब्द वापरतं, अवयवाला घरात जे म्हणतात ते. टंकताना त्याचा पुस्तकी मराठी शब्द होतो. मग उलटतपासणीत किंवा अपिलात विचारतात, पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडी हा शब्द आला कुठून? म्हणून मी हट्ट धरते की मालवणीत जे बोलली तेच अवतरणात लिहा. गरज पडली तर दुभाषी घेण्याची सोय पोक्सोच्या कलम 38 मध्ये आहेच. तारखेचंही तसंच. लहान मुलांना मागचं सगळं ‘काल’ असतं. पण ‘पालखी दारात इली तेव्हा’ असं पोर सांगतं, आणि शिमग्यात पालखी कुठल्या घरी कधी गेली हे सगळ्या वाडीला ठाऊक असतं.

‘डॉक्टरी कोरी’ म्हणजे काही घडलंच नाही, असं होत नाही. नुसत्या स्पर्शाचा गुन्हा असेल तर खूण राहतच नाही, आणि पोर चार दिवसांनी बोललं तर बाकीच्याही बऱ्याचदा जातात. एक मात्र करा: कपडे धुऊ नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. कागदात गुंडाळून पोलिसांना द्या.

याच मेसेजखाली कुणीतरी उलट टोकाचं लिहिलं होतं, की पोक्सोत नुसता आरोप केला की माणूस आत, निर्दोष आहे हे त्यानेच सिद्ध करायचं. आरोपीने गुन्हा केला असं धरून चालायचं, हे कलम 29 चं गृहीतक आहे खरं. पण घटनेचा मूळ पाया सरकार पक्षाने आधी पुराव्याने उभा करावा लागतो, मगच ते लागू होतं. पाया नसेल तर आरोपी सुटतो, आणि सुटायलाच हवा.

आता ‘दोन-चार वर्षं’. पीडित 12 वर्षांखालचं असेल तर गुन्हा गंभीर वर्गात जातो. लैंगिक हेतूने नुसता स्पर्श केला तरी किमान 5 आणि कमाल 7 वर्षं. त्यापुढच्या अत्याचाराला, 16 ऑगस्ट 2019 नंतरच्या घटनेत, किमान 20 वर्षं, नाहीतर उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात, अगदी टोकाला फाशी. त्याआधीच्या घटनेला जुनी शिक्षा लागते, ती किमान 10 वर्षं. एकदा दोषी ठरवल्यावर न्यायाधीशाला दया आली म्हणून या किमान आकड्याच्या खाली जाता येत नाही. खटला लांबतो, ते खरं आहे. कलम 35 मध्ये शक्यतो एक वर्षात संपवा असं लिहिलंय, आणि त्या ‘शक्यतो’वर आमच्या तारखा चालतात.

नाव गावभर होतं, पण ते कोर्टातून नाही, नळावरून. खटला बंद दाराआड चालतो. आरोपी पोराच्या नजरेस पडू देत नाहीत. दोन्हीकडच्या वकिलांचे प्रश्न न्यायाधीशच पोराला विचारतात. जबाब शक्यतो महिला अधिकारी घेते, साध्या कपड्यांत, घरी येऊन. ओळख फुटेल असं छापणाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही आहे.

राहिली गावकी. आपली गावकी देवस्थानाचे मानपान, पाणंदीचे वाद मिटवते, मिटवू दे. हा गुन्हा मात्र घरच्यांनी माफ करूनही मिटत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा गुन्हा तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. शिवाय असा गुन्हा घडल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तुम्हाला हे सगळं आधीच माहीत होतं, याचा पुरावा शोधायला पोलिसांना लांब जावं लागत नाही. बैठकीची वही असते, तारीख असते, खाली पंचवीस जणांच्या सह्या असतात.