पोळ्यांची गोळी

पार्किन्सन्सच्या (हातपाय थरथरतात, अंग ताठरतं, तो मेंदूचा आजार) पेशंट आणि त्यांना सांभाळणाऱ्यांच्या मंडळाच्या सभेतून आले तेव्हापासून डोकं ठणकतंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढे जा, मी रागावणार नाही. आज रागावायला दुसरी बरीच माणसं आहेत.

झालं असं की आज एका काकांचा सत्कार होता. काकूंना पार्किन्सन्स होऊन बरीच वर्षं झाली. काका त्यांना न चुकता सभेला आणतात, गोळ्यांचा डबा सांभाळतात, व्यायाम करून घेतात. इथवर ठीक. मग सूत्रसंचालकांनी आवाज चढवला, "आणि मंडळी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी काका पोळ्या करायला शिकले!" टाळ्यांचा कडकडाट. सगळा हॉल उभा. शाल, श्रीफळ, फोटो. काका बिचारे लाजून "अहो, त्यात काय एवढं" म्हणत होते आणि त्यांना खरंच तसं वाटत असावं. गोड माणूस आहे. माझा राग त्यांच्यावर नाही.

माझ्या पुढच्या रांगेत एक काकू होत्या. शेजारी त्यांचे यजमान, मान खाली गेलेली, तोंडातून लाळ येत होती. काकूंनी डाव्या हाताने त्यांच्या हनुवटीखाली रुमाल धरलेला. टाळी वाजवायला दुसरा हात मोकळा नव्हता, म्हणून त्या उजवा हात स्वतःच्याच मांडीवर आपटत होत्या. पोळ्या करणाऱ्या काकांसाठी! या बाईंनी आजवर किती पोळ्या लाटल्या असतील याचा हिशोब कुणी मांडलाय का? त्यांना कुणी नारळ दिलाय का? दिला असेलही कधीतरी, महिला दिनाला, सगळ्या जणींना मिळून एकेक गुलाब.

आमच्याकडे पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. छान शब्द आहेत. पण हॉलमध्ये एकदा नजर फिरवा. पुरुष शुभार्थी आणि शेजारी त्यांची बायको, अशा जोड्याच जोड्या. पिशवीत पाण्याची बाटली, स्ट्रॉ, डबा, जादाचा शर्ट, गोळ्या, औषधांची चिठ्ठी. सभेत प्रश्न विचारायचा तोही बहुतेक वेळा बायकोच विचारते, "ह्यांना रात्री झोपेत हातपाय झाडायची सवय आहे, काय करावं?" आणि बाई शुभार्थी? आहेत थोड्या. कुणी मुलीबरोबर, कुणी शेजारणीबरोबर, कुणी एकटी रिक्षाने. नवऱ्याबरोबर आलेली क्वचित. म्हणून तर सत्कार झाला ना!

आता कुणीतरी कमेंटमध्ये येऊन सांगेल की हा आजार मुळात पुरुषांनाच जास्त होतो. हो, होतो, साधारण दीडपट. पण हॉलमधला फरक दीडपट नाहीये हो. बाकीच्या बायका कुठे आहेत? घरी आहेत. सभा दुपारी चारला, म्हणजे घरात चहाची वेळ. आणायला कुणी नाही, आणि निघायचं तर आधी चहाचं आधण आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाचं बघून निघायचं. हात थरथरत असताना.

आता आईचं सांगते. माझ्या जवळच्यांना माहीत आहे, पण सगळ्यांनी ऐकावं असं आज वाटतंय.

आईलाही पार्किन्सन्स आहे. ती लेव्होडोपावर आहे, म्हणजे या आजाराच्या मुख्य औषधावर; तिच्या गोळीचं नाव सिंडोपा. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना माहीत असेल, गोळी घेतल्यावर अर्ध्यापाऊण तासाने माणूस 'ऑन' होतो. हात वळतात, पाय उचलतात, चेहऱ्यावर भाव येतात. तीन-चार तासांनी गोळी उतरली की परत 'ऑफ'. उंबऱ्यापाशी पाय चिकटून बसतात, सदऱ्याचं बटण लागत नाही. आजार जुना झाला की हे ऑनचे तास आखडत जातात. म्हणजे दिवसाकाठी तुमच्या हातात मोजके चांगले तास असतात आणि ते कशाला लावायचे हे तुम्ही ठरवायचं असतं. सगळा आजार या एका गोष्टीभोवती फिरतो. बाकी सगळं मागून.

गेल्या वर्षी न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो होतो. डॉक्टरांनी सहज विचारलं, "सकाळची पहिली गोळी किती वाजता घेता?" आई म्हणाली, "साडेआठला." डॉक्टर म्हणाले, "मी सहाला सांगितली होती ना?" आई म्हणाली, अगदी शांतपणे, "सहाला घेतली तर साडेनवाला उतरायला लागते. मग पोळ्या कशा करायच्या?"

मी आणि बाबा दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

तर आई रोज सहा ते साडेआठ ताठ लाकडासारखी पलंगावर पडून राहत होती. जाग आलेली असायची, कूस बदलता यायची नाही, आणि गोळी डब्यात. का, तर हात मोकळे व्हायची वेळ आणि कणीक भिजवायची वेळ जुळली पाहिजे.

आता आमच्या सभेत पुरुष काय विचारतात ऐका. हे चेष्टेने नाही सांगत. "मी सकाळी टेकडीवर जातो, तर गोळी किती आधी घेऊ?" "मी पेटी वाजवतो, रियाजाच्या वेळी बोटं वळावीत म्हणून काय करू?" चांगले प्रश्न आहेत. आजार अंगावर घेऊन माणूस टेकडी चढतोय, पेटी वाजवतोय, मला भरून येतं. पण एकाही बाईने असा प्रश्न विचारलेला मी ऐकलेला नाही. बायकांचा प्रश्न असतो, "प्रथिनांमुळे गोळी लागत नाही म्हणतात, मग जेवणाआधी अर्धा तास घ्यायची की नंतर एक तासाने? माझं जेवण सगळ्यांचं झाल्यावर होतं, त्याला काही ठरावीक वेळ नाही." त्यावर तज्ज्ञ सांगतात, "जेवणाची वेळ ठरवून घ्या." घ्या! जणू ती आजवर ठरवायचीच विसरली होती.

बाई शेवटी जेवते म्हणून तिची गोळी सरकते. गोळी सरकली की ऑन सरकतो. मग "हिचा आजार फार वाढला हो" म्हणायचं आणि डोस वाढवायचा. डोस वाढला की अंग नको तिथे हलायला लागतं, आणि तो त्रास बायकांना जास्त होतो हे डॉक्टरही सांगतात. वरणभात आधी वाढून घेतला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?

आणि ती प्रश्नावली! आजार किती पुढे गेलाय हे मोजायला जगभर एक ठरलेली प्रश्नावली वापरतात. हस्ताक्षर कसं आहे, कपडे घालता येतात का, अंथरुणात कूस बदलता येते का, छंद जोपासता येतात का. छंद! स्वयंपाकाचा वेगळा प्रश्न त्यात नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "छंद तसा काही नाही." प्रश्नावली भरून घेणाऱ्या मुलीने पुढे काय टिक केलं देव जाणे. पोळी गोल येत नाही, कडा जाड राहतात, तव्यावर टाकताना घडी पडते, हे आईने मला फोनवर कितीतरी महिने आधी सांगितलं होतं. निदान व्हायच्याही आधी. या आजारात अक्षर बारीक होत जातं, पण तिचं झालं असेल तर कुणाला कळणार, ती लिहिते कधी? वाण्याची यादी, तीही हल्ली बाबाच फोनवरून सांगतात.

ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लंडनमध्ये जो निबंध लिहिला, त्यात सहा रुग्ण आहेत. सहाही पुरुष. आणि त्यातले काही तर त्यांना रस्त्यातच दिसले होते. साहजिकच आहे, रस्त्यात पुरुषच दिसणार. बाई आत चुलीपाशी थरथरत असेल तर ती डॉक्टरला दिसणार कशी? दोनशे वर्षं होऊन गेली, आमच्या हॉलमध्ये अजून तेच चाललंय.

थांबा, पाणी पिऊन आले.

पुरुषांचं दुःख मला दिसत नाही असं नाही. ऑफिसात ज्याच्या सहीला वजन होतं त्याला बँकेत सही जुळत नाही म्हणून परत पाठवतात, तेव्हा तो काय होतो ते मी पाहिलंय. हे लोक रडत नाहीत, हात खिशात घालून बसतात. बायको घरी रडते आणि सभेत त्यांच्यासाठी बोलते. ज्याची बायको गेलेली आहे असा पुरुष दोन-तीनदा येतो आणि मग यायचा बंद होतो. बायका निदान एकमेकींचा हात तरी धरतात, स्वच्छतागृहाच्या रांगेत उभ्या राहून जे बोलतात ते माइकवर कधीच येत नाही. खरी सभा तिथेच भरते म्हणा ना. झोप लागत नाही, लघवीला पळावं लागतं, जवळ आलेला नवरा नको वाटतो, सून ताट आपटते, सगळं तिथे. एकदा तर एका काकूंनी रांगेतच सांगितलं की डॉक्टरांनी मेंदूत बारीक तारा बसवायच्या शस्त्रक्रियेचं, डीबीएसचं, सुचवलं होतं, पण "एवढा खर्च माझ्यावर कशाला" म्हणून घरी विषयच काढला नाही. नवऱ्याला अजून माहीत नाही! परदेशातसुद्धा ही शस्त्रक्रिया बायकांची कमीच होते, तेव्हा आपल्याकडच्या बायकांचं काय घेऊन बसलात.

बाबांबद्दल लिहायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना राक्षस समजाल. बाबा आईची फाइल अशी ठेवतात की डॉक्टर कौतुक करतात. आणि पहाटे आईच्या पायाची बोटं आत वळून पेटके यायचे, तेव्हा बाबा उठून तिचा पाय मांडीवर घेऊन दाबत बसायचे. रोज. अंधारात, दिवा न लावता, मी माहेरी गेले की पलीकडच्या खोलीतून आवाज ऐकायचे, "आता बरं वाटतंय का? आता?" मला वाटायचं, असं म्हातारपण कुणाला मिळतं?

डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं की ते पेटके रात्रीची गोळी उतरल्यामुळे येतात. सकाळची गोळी वेळेवर घेतली तर बराच फरक पडेल.

म्हणजे बाबा पहाटे जो पाय दाबत होते तो त्यांच्याच पोळ्यांसाठी दुखत होता. आणि आईला ते माहीत होतं.

रिक्षात बसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मला सांगायचं तरी." आई म्हणाली, "त्यात काय सांगायचं?"

दोघांपैकी कुणावर चिडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आईनेही लाटणं हातातून सोडलं नाही, हे मान्य. आता पोळ्यांना बाई लावली आहे. तिच्या पोळ्या कडक होतात अशी तक्रार आहे (बाबांची नाही, आईची!) आणि "ह्यांच्यापुरत्या दोन" आई अजून स्वतः करते. गोळी मात्र सहाला घेते. निदान मला तरी तसं सांगते.

आणि हीच आई पहिल्यांदा सभेला आली तेव्हा ओळख करून देताना माइकवर म्हणाली होती, आवाज अगदी बारीक, पुढच्या रांगेलाच ऐकू गेला असेल, "घरातलं सगळं अजून मीच करते." काय टाळ्या पडल्या होत्या तेव्हाही! "बघा, किती सकारात्मक!" बाईने आजारात पोळ्या केल्या तर सकारात्मक, पुरुषाने बायकोच्या आजारात केल्या तर शाल-श्रीफळ. पोळी तीच हो. एकदा तरी कुणी विचारायचं, "काकू, का करता? कोण खातं? तुमची गोळी किती वाजता असते?"

मंडळ चालवणारी माणसं स्वतःच्या पदराला खार लावून, सुट्टीचे दिवस घालवून हे काम करतात. त्यांच्यामुळेच आम्हाला पार्किन्सन्स म्हणजे काय ते कळलं. हे मला माहीत आहे, त्यामुळे मला कुणी कृतघ्न म्हणू नका. पण मी आज चहाच्या वेळी कार्यवाहांना दोन गोष्टी सांगून आले. एक, सभा दुपारी चारऐवजी सकाळी अकराला ठेवा आणि तिथेच जेवण द्या, म्हणजे घरी कुणाला काही करून यावं लागणार नाही. दोन, एक सभा फक्त बाई शुभार्थींची घ्या, नवरे आणि मुली सगळे बाहेर, माझ्यासकट. ते म्हणाले, "सूचना चांगली आहे, पण बायका येतील का?"

तर चिंचवड-निगडीकडून कुणाच्या आईला, सासूला, काकूला यायचं असेल तर मला इनबॉक्स करा. माझ्या गाडीत आई धरून तीन जणी बसतात, वॉकर डिकीत मावतो. गोळीची वेळ सांगून ठेवा, त्याप्रमाणे निघू.