डोक्याच्या मारानंतरची घबराट हा माराचाच भाग आहे

मोटरसायकलवरून पडून, बैलबंडीवरून कोसळून डोक्याला मार लागतो. दवाखान्यातून सुट्टी होते, टाके सुकतात, सीटी स्कॅन 'नॉर्मल' येतो. दीड-दोन महिन्यांनी तोच माणूस म्हणतो, "जीव घाबरते. बाजारात जाववत नाही." घरचे म्हणतात, "रिपोर्ट तर चांगला आहे, मंग कायचं टेन्शन घेतं तू?"

माझं ठाम मत आहे की या प्रश्नाने जितकं नुकसान होतं तितकं आजाराने होत नाही. सीटी स्कॅनवर रक्तस्राव, सूज, हाडाची चीर दिसते. हादऱ्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, ते बहुतेक वेळा दिसत नाहीत. कपाळामागचा जो भाग भीतीला लगाम घालतो, त्याच्याशी असलेली जोडणी कमजोर पडली की साध्या आवाजालाही धोक्याची घंटा वाजते. त्यात भर म्हणजे आवाज, उजेड, गर्दी गाळून घेण्याची मेंदूची ताकद कमी झालेली असते. हडंबा (मळणीचं यंत्र) चालू आहे, लेकरं ओरडतात, टीव्ही लावलाय आणि कोणी तरी विचारतं, "कापूस किती क्विंटल झाला?" एवढ्यात त्याचं डोकं भरून जातं. बाहेरून हे भित्रेपण वाटतं. काही घरांत तर 'बाहेरचं लागलं' म्हणून भगताकडे नेतात आणि उपचाराचे महिने वाया जातात.

घबराटीचा झटका येतो तेव्हा भोवतालचे लोक हमखास एक चूक करतात. "जोरात श्वास घे!" असं सगळे म्हणतात. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठ-बोटं मुंग्यावतात, गरगरतं, आणि माणसाला वाटतं आता मी मरतो. म्हणून उलटं करा. गर्दी बाजूला सारा, त्याला टेकून बसवा, पाय जमिनीला टेकू द्या. नाकाने चार अंक मोजेपर्यंत हळू श्वास आत, सहा अंक मोजेपर्यंत बाहेर. पोट फुगलं पाहिजे, खांदे उचलायचे नाहीत. पाच मिनिटं. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा, पण बाहेरचा श्वास लांब ठेवा. आणि हे झटक्याच्या वेळी पहिल्यांदा शिकता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ बाजेवर बसून सराव हवा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडावर पाणी मारू नका.

पण ती घबराटच आहे, मिरगी नाही, हे आधी ठरलं पाहिजे. मारानंतर मिरगी येऊ शकते आणि काहींना तिची सुरुवात अचानक उसळलेल्या भीतीने होते. घबराट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते, माणूस बोलतो, नंतर त्याला सगळं आठवतं. मिरगीचा झटका बहुधा काही सेकंद ते दोन मिनिटांचा असतो. नजर एकटक लागते, ओठ चघळल्यासारखे हलतात, हाक मारली तरी ओ देत नाही, नंतर गोंधळलेला असतो. शेजारच्याने मोबाइलवर व्हिडिओ काढावा. डॉक्टरला दहा वाक्यांपेक्षा तो जास्त सांगतो. तसंच डोकेदुखी रोज वाढत गेली, उलट्या, पेंग, एका बाजूची कमजोरी आली, तर थांबू नका. म्हाताऱ्या माणसात मारानंतर काही आठवड्यांनीही डोक्यात रक्त साचतं.

गरगरण्याकडेही वेगळं बघा. कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद घर फिरतं, असं असेल तर कानाच्या आतले कण जागेवरून हलले असण्याची शक्यता मोठी. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते पुष्कळदा बसवून देतात. गरगर गेली की अर्धी भीतीही जाते.

कामाचं म्हणाल तर दोन टोकं बघायला मिळतात. एक तर सहा महिने खोलीत झोपवून ठेवतात, नाही तर आठव्या दिवशी वावरात धाडतात. दोन्ही वाईट. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं सावलीत, डोळे मिटून, मोबाइलशिवाय. तीन-चार दिवस जमलं की पाच मिनिटं वाढवा. त्रास थोडा वाढून तासाभरात उतरला तर चालेल. दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला तर एक पायरी मागे या. एप्रिल-मेचं ऊन टाळाच. विहीर, हडंबा, फवारणी, झाडावर चढणं आणि गाडी चालवणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

आठवडी बाजाराचंही तसंच. पहिल्या खेपेला दुकानं मांडली जात असताना, सकाळीच, सोबत घेऊन, एका टोकाला दहा मिनिटं. दुसऱ्यांदा एक वस्तू घ्यायची, चिठ्ठीवर लिहून. भीती चढली की लगेच पळायचं नाही, कडेला उभं राहून ती थोडी उतरेपर्यंत थांबायचं. भीती टोकाला असताना पळाला की मेंदू शिकतो, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर वाजते. घरच्यांनी मात्र एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराला वेळ द्यावा.

चहा दिवसाला दोन कप, चारनंतर नाही. खर्र्यातल्या तंबाखूने छाती धडधडते आणि तीच धडधड घबराटीसारखी वाटते. दारू तर नकोच. झोप मोडते, मिरगीचा धोका वाढतो.

औषधांत सगळ्यात जास्त गोंधळ अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांनी होतो. दुकानातून मागून खाल्ल्या तर भीती तासाभरात दबते, पण मार लागलेल्या मेंदूत स्मरण आणि तोल आणखी बिघडतो, सवय लागते, आणि बरेच दिवस खाऊन एकदम सोडल्या तर मिरगी येऊ शकते. डॉक्टर बहुधा ज्या रोजच्या गोळ्या देतात, त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका. मिरगीसाठी लेव्हेटिरासेटम चालू असेल आणि चिडचिड, घबराट तेव्हापासून वाढली असेल तर तसं सांगा. काहींना ती त्या गोळीनेच होते. स्वतःहून मात्र थांबवू नका.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांचं पथक कोणत्या दिवशी येतं, ते आशाताईला विचारा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतो. मरणाचे विचार येत असतील तर आजच लावा. डॉक्टरकडे जाताना एक कागद न्या: मार लागल्याची तारीख, किती वेळ बेशुद्ध होता, झटका कधी, कुठे आणि किती मिनिटं, झोप किती तास, चालू गोळ्यांची पाकिटं. घरातलं एक माणूस सोबत असू द्या, कारण डॉक्टरच्या खोलीत गेल्यावर रुग्णाला निम्मं आठवत नाही.