बाल्टीतला पीएच

दोन दिवस झाले, राग अजून अर्धा तरी शिल्लक आहे म्हणून लिहून टाकते. आमच्या यवतमाळकडच्या कॉलेजात मी टायटेनियाच्या (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या) नॅनोपावडरचा पृष्ठभाग किती आम्लधर्मी ते मोजून राहिली होती. मोठ्या लॅबमधे पावडरीला अमोनिया पाजतात न् तापवत नेतात, जितक्या जास्त तापमानाला ती अमोनिया सोडेल तितका आम्लपणा कडक. ते मशीन आमच्याकडे नाही. आमच्याकडे बाटल्या आहेत. ११ बाटल्या, प्रत्येकीत ०.०१ मोलरचं ५० मिली मीठपाणी, पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधला) २ पासून १२ पर्यंत, वर चिमूटभर पावडर, आणि २४ तास हलवायचं. ज्या पीएचला आकडा जागचा हलत नाही तिथे पावडरीवर ना धन भार ना ऋण, हा बिंदू जितका खाली तितकी पावडर आम्लधर्मी, टायटेनियाचा तो साधारण ६ च्या आसपास येतो. शेकर आहे, पण लाईन गेली की तोही झोपतो, मग रात्री अकरापर्यंत मीच एकेक बाटली हातानं हलवत बसली.

सकाळी पाहते तर बाटल्या धुऊन, पालथ्या, ओळीत.

"काका, यातलं पाणी?"

"फेकलो नाई मॅडम. तुमचं सामान मी फेकतो का?" काकांनी टेबलाखालून पोछ्याची निळी बाल्टी ओढली. "सारं याच्यात हाय. थेंब नाई सांडू देल्ला."

"अहो, ते अकरा वेगवेगळे होते!"

"वेगळे कायचे, पाणीच तं होतं. खाली चुना बसला होता, थो बी घेतला खरवडून."

"लेबलं होती ना!"

"हौ ना. थे बी ठेवले." खिडकीच्या काचेवर दोनपासून बारापर्यंत चिठ्ठ्या, सातची जरा तिरपी. "उद्या कमिटी येऊन राहिली, सायेब म्हणे टेबल साफ पायजे. आता तुमी हिशोबानं भरून घ्या."

हिशोबानं! कमिटी अर्धा तास येते, पडदे पाहते, पोहे खाते न् जाते, शेकरला इन्व्हर्टर काहून नाही हे कोणी विचारत नाही, माझी फेलोशिप पाच महिने आली नाही हे तर नाहीच नाही, पण टेबल साफ पाहिजे.

चिडून बाल्टीतच इलेक्ट्रोड बुडवला. ७.१. दोन न् बारा एकमेकांना खाऊन बसले होते.

"किती?" काका वाकून पाहत.

"सात."

"मंग बराबर हाय ना? होऊन गेलं असन तं बाल्टी द्या, वऱ्हांडा पुसाचा हाय."