‘बघते’ म्हणाले आणि लिफ्टने वर आले

आज सकाळी दूध घेऊन येताना गेटवर एक बाप-लेक उभे दिसले. मुलगी विशीची, सॅक पाठीवर न घेता पोटाशी धरलेली. बापाच्या हातात नायलॉनची जड पिशवी. वॉचमन त्यांना परवाच लॅमिनेट करून लावलेली नोटीस बोटाने दाखवत होता. ‘कमिटीच्या निर्णयानुसार विद्यार्थी व अविवाहित व्यक्तींना सदनिका भाड्याने देऊ नये.’ ब्रोकरने त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. पहाटेच्या एसटीने अकोल्याहून आलेली माणसं. विदर्भातलं अकोला नव्हे, आमच्या नगरकडचं अकोले. मी संगमनेरची, बोलण्याची धाटणी ऐकूनच ओळखलं.

बाप मला म्हणाला, “ताई, पुणे विद्यापीठात ॲडमिशन झालंय हिचं. हॉस्टेल नाही मिळालं. तुम्ही सांगून बघता का?”

मी “बघते” म्हणाले आणि लिफ्टने वर आले.

तेव्हापासून डोकं फिरलंय. आणि खरं सांगायचं तर ही नोटीस सोसायटीच्या ग्रुपवर आली तेव्हा मीच न वाचता अंगठा टाकला होता. गॅसवर दूध होतं. असो.

१९९३ साली मी एमएला आले तेव्हा मलाही हॉस्टेल मिळालं नव्हतं. औंधगावात माईंच्या वाड्यात मागच्या बाजूला पत्र्याची खोली होती. अडीचशे रुपये भाडं, एक कॉट, भिंतीत तीन खिळे, स्टोव्ह आपला आपण आणायचा. माझे वडील असेच दारात उभे होते, हातात बाजरीची पिशवी. माईंनी जात विचारली नाही असं म्हणणार नाही, विचारलीच. मग म्हणाल्या, “पोरीला अंधाराच्या आत घरी यायला सांगा,” आणि चहा टाकला. ॲग्रीमेंट नाही, पोलीस व्हेरिफिकेशन नाही. माईंना लिहिता-वाचता यायचं नाही. भाडं दिलं की कालनिर्णयच्या त्या तारखेवर त्या कोळशाने फुली मारायच्या.

आता आमच्या ग्रुपवरचं वाक्य ऐका. “आपल्या परिसराचं कॅरेक्टर जपायला हवं.” कसलं कॅरेक्टर? ह्या परिसराचं कॅरेक्टर मुळात बाहेरून आलेल्या माणसांनी केलंय. गणेशखिंडीच्या ह्याच माळावर ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढले. पुढे इंग्रजांनी इथे गव्हर्नरासाठी राजवाडाच बांधला, बार्टल फ्रियरच्या काळात, आणि खर्च इतका केला की त्यांच्यातच बोंबाबोंब झाली. कशासाठी, तर साहेबाला पावसाळ्यात मुंबई सोसायची नाही म्हणून. म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतला पहिला रहिवासीसुद्धा चार महिन्यांचा पाहुणाच! त्याच बंगल्यातल्या राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभातून परतताना प्लेग अधिकारी रँडवर चापेकरांनी गोळी झाडली, २२ जून १८९७ ला, ह्याच गणेशखिंड रस्त्यावर. आज त्या रस्त्यावर आपण मेट्रोच्या खांबांमध्ये अडकून हॉर्न वाजवतो.

आणि खुद्द विद्यापीठ? १० फेब्रुवारी १९४९ ला स्थापना झाली तेव्हा विद्यापीठाला स्वतःची जागा नव्हती. डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू, आणि कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमधून. १ जूनला ते इथे गव्हर्नरच्या बंगल्यात आलं. तोवर पुणे विद्यापीठ दुसऱ्याच्या पाहुणेघरात राहत होतं हो! लावली असती तिथे कोणी लॅमिनेट केलेली नोटीस, तर गेले असते जयकर पिशवी घेऊन परत.

मुंबई राज्याच्या खेर सरकारने ४११ एकर दिले, पण ती जमीन विद्यापीठाची झाली. पोरं राहणार कुठे? सुरुवातीला बारा जिल्ह्यांची कॉलेजं ह्या विद्यापीठाखाली होती. आता पुणे, नगर, नाशिक एवढंच उरलं, नगरचं नाव आता अहिल्यानगर. कँपसवर हॉस्टेलं आहेत, पण ती कधी कोणाला पुरली? उरलेल्यांना औंधने, बोपोडीने, खडकीने घेतलं. वाड्यातल्या मागच्या खोल्यांनी, गोठ्यावरच्या माळ्यांनी. दिवसा ‘कमवा व शिका’मध्ये बागेला पाणी घालायचं, संध्याकाळी जयकर ग्रंथालयात बसायचं, अनिकेत कँटीनमध्ये एक चहा दोघांत, आणि शेवटची बस चुकली की चालत औंध. त्या रस्त्याला तेव्हा वडाची झाडं होती. पावसात झाड ते झाड पळत जायचं आणि तरीही भिजायचंच. माई कंदील घेऊन ओट्यावर. ओरडायच्या, पण आधी टॉवेल द्यायच्या.

१९८८ मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संस्था झाली, नारळीकर मुंबईहून इथे आले. त्याच वर्षी संगणकवाल्यांची सी-डॅक. देशभरातली माणसं आली, त्यांनाही घरं लागली. त्यामागून हिंजवडीवाले. शेतं गेली, वाडे गेले, आपले टॉवर उभे राहिले. आमच्या बिल्डिंगचं ब्रोशर अजून माझ्याकडे आहे. पहिल्याच पानावर काय छापलंय? ‘विद्यापीठापासून पाच मिनिटांच्या अंतरावर.’ म्हणजे विद्यापीठ हवं, त्याच्या नावाने चढलेला भाव हवा, सकाळी ब्लूटूथ कानात घालून त्यांच्या झाडांखाली फिरायला हवं. फक्त तिथे शिकणारी पोरं नकोत! चौकाच्या पाटीवर आचार्य आनंदऋषीजींचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला आपण ‘विद्यापीठ चौक’च सांगतो ना? पोरांना हाकलल्यावर काय सांगणार, ‘पार्किंग चौक’?

२०१४ ला विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं. दर ३ जानेवारीला आमच्या ग्रुपवर त्यांचा फोटो पडतो, खाली पन्नास नमस्कार. आणि आज अकोल्याची पोरगी गेटवरून परत.

हो, माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी रात्री दोनला गच्चीवर वाढदिवस केला होता आणि केक लिफ्टच्या बटणांना लागला होता. मलाच पुसावा लागला. मग त्या पोरांना बोला की! दोन नंबरच्या विंगमधले काका रोज पहाटे पाचला भजनं लावतात, त्यांच्यासाठी नोटीस निघाली का? आणि ज्यांनी ठराव मांडला त्यांचीच मुलगी परदेशात दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन शिकतेय. माझाही मुलगा तिकडेच. त्याची घरमालकीण त्याला दर रविवारी सूप देते, तर आम्ही किती कौतुकाने सांगतो सगळ्यांना.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. माईंची आठवण येतेय. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा बिल्डरचे कागद वाचायला त्यांनी मला बोलावलं होतं, तेव्हा माझं लग्न झालेलं. मी वाचत होते आणि त्या मान हलवत होत्या. सगळं ऐकून एकच विचारलं, “ह्यात पोरींच्या खोल्यांचं काही लिहिलंय का?” नव्हतं लिहिलेलं. मी “बघू” म्हणाले होते. तेव्हाही.

सामान हलवताना त्यांनी जुनी कालनिर्णयं रद्दीत द्यायला काढली. त्यातलं ९४ चं मी मागून घेतलं. जूनच्या पानावर फुलीच नाही. त्या महिन्यात वडिलांची मनिऑर्डर आली नव्हती, आणि माईंनी विचारलंही नव्हतं.

दुपारी वॉचमनने बेल वाजवली. हातात तीच नायलॉनची पिशवी. “मॅडम, ते सकाळचे ठेवून गेले. म्हणाले, त्या ताई बोलणार आहेत, त्यांना द्या.” चार-पाच किलो तांदूळ असेल, घरचा काळभात. सगळ्या स्वयंपाकघरात वास सुटलाय.

रजिस्टरमधून त्यांचा नंबर घेतला. लागत नाहीये, एसटी घाटात असेल. औंध, बोपोडी, पाषाण, कुठेही एका मुलीसाठी नीट खोली असेल तर इनबॉक्स करा. ब्रोकरने करू नये.

आणि हो, माझ्या मुलाची खोली तीन वर्षं रिकामी आहे हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये कोणी लिहायची गरज नाही. ह्यांच्याशी बोलणं चालू आहे. तांदूळ अजून डब्यात ओतलेला नाही.