षड्ज फेरीबोटीचा

संध्याकाळी साडेसहाची चोडण-रायबंदर फेरीबोट. गाडी आत चढवली, हँडब्रेक ओढला, रेडिओ लावला आणि अर्ध्यावर आलेल्या एका वादनानं मला धरूनच ठेवलं. शहनाई की क्लॅरिनेट, देव जाणे. सूर असे, की पलीकडचा धक्का येऊच नये. धक्का आला. वादन थांबलं, निवेदिका म्हणाली, "आत्ता आपण ऐकलंत..." आणि फेरीच्या भोंग्यानं कलाकार आणि राग दोघांनाही मांडवीत बुडवलं. भोंगा संपला तेव्हा नारळाचे भाव चालू होते.

केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांतल्या तबकडीवरून अंतराळात गेली. परग्रहावर कुणाला ती सापडलीच, तर तबकडी कशी वाजवायची याच्या खुणा वेष्टनावर कोरलेल्या आहेत. मी मात्र केसरबाईंच्याच गोव्यात, रेडिओपासून दीड हातावर बसून अडाणी!

भाच्यानं गाणं ओळखणारं ॲप उघडून दिलं. "मामा, म्हण." मी म्हटलं. ॲप बराच वेळ विचारात पडलं आणि एक स्पॅनिश नाचगाणं घेऊन आलं. त्याची काय चूक? ते ध्वनिमुद्रणाचा ठसा काढून आपल्या साठ्यातल्या ठशांशी ताडतं. माझ्या गळ्याचा ठसा पोलिसांकडेसुद्धा नसेल.

रेडिओ केंद्राला फोन केला. "किती वाजता लागलं होतं?" बाईंनी अदबीनं विचारलं. "भोंग्याच्या आधी," मी म्हणालो. त्यांनी फोन आपटला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

शेवटी देवळातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका गाठले. गुणगुणलो. "मारवा!" काका म्हणाले. खात्रीसाठी पुन्हा गुणगुणलो. "पूरिया!" तिसऱ्यांदा सोहनी झाली. तिन्ही रागांचे सूर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम गायब. रिषभ-धैवतावर जोर दिला की मारवा, गांधार-निषादाला टेकलं की पूरिया, वरच्या सप्तकात रात्रीचं भटकायला गेलं की सोहनी. मी एका दमात तिन्ही घरं फिरून येत होतो.

"सा कसो लागतालो रे?"

"अखंड, काका! एकदाही सुटला नाही."

"मागीर मारवा न्हय. मारव्यांत सा चुकयतात."

मारवा बाद झाला. रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगलं, की तो अखंड षड्ज फेरीच्या इंजिनाचा होता.

सकाळी मारव्याला परत आत घ्यायला निघालो, तर वाटेत शेजारचे सर भेटले. चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, कागदावर पाच रेघा ओढल्या. "रे बेमोल, फा सुस्तेनिद... आनी सोल? सोल खंय गेलो, बाब?" रे बेमोल म्हणजे कोमल रिषभ, फा सुस्तेनिद म्हणजे तीव्र मध्यम, आणि सोल म्हणजेच पंचम! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा दोन माणसांचं एकमत झालं. मी धावत जाऊन काकांना घेऊन आलो.

तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी सरांच्या बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, पेटी आणि व्हायोलिन घेऊन बसतात. मला कोकम सरबत आणायला पाठवतात. मी गुणगुणू लागलो तर हातानं थांबवतात.

परवा एकादशीला काकांनी एका अभंगाला नवीच चाल लावली. लोक डोलत होते. चाल ओळखीची वाटली. माझीच होती, फक्त सुरात. भजन संपल्यावर हळूच विचारलं, "काका, राग कोणता?"

पेटीचा भाता बंद करत काका म्हणाले, "तें तुज्या रेडिओक विचार."