गांधीवाद्यांनी देशी गाय संपवली? उरुळी कांचनवरच्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या, जुन्या वर्गमित्रांच्या आणि शेतीविषयक ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात ग्रामविकास करणाऱ्या गांधीवादी संस्थांवर, आणि नाव घेऊन उरुळी कांचनच्या ‘बायफ’वर, पाच आरोप आहेत. गांधी उरुळीत आठ दिवस राहून गेले, पुढे काही झालं नाही. या मंडळींना विज्ञान आणि यंत्र नकोच होतं, म्हणून खेडी मागास राहिली. यांनीच परदेशी वळू आणून देशी गाय संपवली. आदिवासींना फुकट वाटून लाचार केलं. आणि हे सगळं परदेशी पैशावर चाललं.

दुसरा आणि तिसरा आरोप एकत्र खरे असूच शकत नाहीत. विज्ञान नको असलेली माणसं वळूचं वीर्य उणे १९६ अंशांवर गोठवून खेडोपाडी पोचवत नाहीत. तरीही मेसेज हजारोंनी पुढे पाठवला आहे, आणि पाठवणाऱ्यांत मी ज्यांना मानतो अशी माणसं आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आठ दिवसांचं खरं आहे. २२ मार्च १९४६ ला गांधी उरुळीत आले आणि ३० तारखेला निघाले. त्याआधी ते पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात होते. शहरात दवाखाना काढून गरिबांची सेवा होणार नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी खेडं निवडलं. सोलापूरच्या रेल्वेमार्गावरचं, पुण्यापासून तीसेक किलोमीटरवरचं उरुळी. महादेव तात्याबा कांचन यांनी आश्रमासाठी जमीन दिली. गांधी गेले, पण मागे एक माणूस राहिला. सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचे, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंग भोगलेले मणिभाई देसाई तेव्हा पंचविशीत होते. जन्मभर उरुळीतच राहीन असा शब्द त्यांनी गांधींना दिला आणि १४ नोव्हेंबर १९९३ ला मृत्यू येईपर्यंत पाळला. सत्तेचाळीस वर्षं! मेसेज लिहिणाऱ्याने आठ दिवस मोजले आणि ही सत्तेचाळीस वर्षं सोडून दिली. १९६७ मध्ये याच कामातून ‘भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ म्हणजे बायफ उभी राहिली. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

विज्ञानाच्या विरोधाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ती तपासायला पाच मिनिटं लागत नाहीत. १९२९ मध्ये गांधींच्याच अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासांत सोळा हजार फूट सूत, यंत्र वीस वर्षं टिकलं पाहिजे, अशा काटेकोर तांत्रिक अटी होत्या. त्या काळचा एक लाख! १९२७ मध्ये बंगळूरला प्रकृती सुधारत असताना गांधी तिथल्या सरकारी दुग्धशाळेत पंधरवडाभर गोपालन शिकायला जात होते, आणि तिथल्या वहीत त्यांनी स्वतःची ओळख साबरमतीचा शेतकरी अशी लिहिली. गाय वाचवायची तर ती शेतकऱ्याला परवडली पाहिजे, गोशाळेने चांगली पैदास, दूध आणि मेलेल्या जनावराचं कातडं या सगळ्याचं शास्त्र शिकलं पाहिजे, हे ते सतत सांगत होते. यंत्राने माणसाच्या हातचं काम हिरावून घेऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. शिवणयंत्राचं त्यांनी कौतुकच केलं आहे. मणिभाईंनी नेमकं हेच उचललं.

आता गायीकडे येतो. याच आरोपाने लोक सर्वांत जास्त दुखावले आहेत, आणि यात थोडं तथ्यही गुंतलेलं आहे.

उरुळीच्या गोशाळेत मणिभाईंनी आधी उभा केला तो गीर गायींचा कळप. देशी जातीवर त्यांचा राग असण्याचं कारणच नव्हतं. पण आसपासच्या कोरडवाहू गावांत शेतकऱ्याच्या दावणीला गीर नव्हती. कुठल्याच जातीत न बसणारी गावठी गाय होती, वेताला कसंबसं वासरापुरतं दूध देणारी. आजही सरकारी आकडेवारीत अशा गायीची दिवसाची सरासरी तीन लिटरच्या आत-बाहेर आहे आणि संकरित गायीची आठ लिटरच्या आसपास. ज्याच्याकडे दोन एकर जिराईत आहे, त्याच्या घरात हा फरक म्हणजे दर दहा दिवसांनी डेअरीचा पगार येणं किंवा न येणं.

म्हणून होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सीचा संकर. जनावर दवाखान्यापर्यंत हाकत नेण्यात माजाची वेळ निघून जायची आणि गाय गाभण राहायची नाही. बायफने हे उलटं केलं. गाय माजावर आली की निरोप द्यायचा. मोटारसायकलला द्रव नायट्रोजनचं भांडं लावून माणूस गोठ्यात येणार, गोठवलेल्या वीर्याची कांडी भरणार, पुढे गाभण तपासायला परत येणार. गावात त्याला ‘बायफचा डॉक्टर’ म्हणतात. पुण्यात सकाळी पिशवीतून येणारं गायीचं दूध बहुतेक संकरित गायींचंच असतं. मेसेज पाठवणाऱ्यांच्या चहातसुद्धा तेच असतं.

पण मग देशी गाय घटली की नाही? २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत ६ टक्क्यांनी कमी झाला. मेसेजमध्ये हा आकडा आहे. त्याच गणनेत आणखी एक आकडा आहे, तो मेसेजमध्ये नाही: देशी माद्यांची संख्या १० टक्क्यांनी वाढली. माद्या वाढल्या आणि एकूण घट झाली, याचा अर्थ घटले ते बैल आणि खोंड. नांगरट, पेरणी, मळणी, वाहतूक एकेक करून ट्रॅक्टर आणि टेम्पोकडे गेली. वर्षातून मोजके दिवस जुंपायच्या बैलजोडीला बारा महिने वैरण घालणं शेतकऱ्याला परवडेना. खिल्लार मुळात कामाची जात आहे. काम गेल्यावर ती अडचणीत आली. याचं खापर रेतनाच्या कांडीवर फोडणं चूक आहे.

शिवाय देशातलं पैदाशीचं सर्वसाधारण धोरण असं आहे की संकर जातिवंत नसलेल्या गावठी गायींचा करायचा, आणि गीर, खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी अशा ओळख असलेल्या जातींची शुद्ध पैदास करायची. देशी जातींचं वीर्य हीच संस्था गोठवते आणि पुरवते. बियाण्यांचंही तसंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना आपण बीजमाता म्हणतो, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. देशी वाण जपण्याचं श्रेय त्यांचं आणि त्यांच्या गावाचं. पण त्यांच्या बियाणे बँकेच्या पाठीशी उभी राहिली ती बायफ. ‘देशी संपवणाऱ्यांनी’ हे का केलं असावं?

संकरित गायीवर टीका करायची असेल तर खऱ्या जागा आहेत आणि त्या मी झाकणार नाही. ती उन्हाने पटकन बेजार होते, हिरवा चारा आणि पाणी जास्त मागते, दुष्काळात शेतकऱ्याला चारा छावणीच्या दारात उभी करते. संकरित गोऱ्हा शेतात फारसा चालत नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने तो विकताही येत नाही. त्या वासरांचं काय होतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. फक्त कालवडी व्हाव्यात यासाठीच्या कांड्या आता निघाल्या आहेत, उरुळीच्या केंद्रातही त्या तयार होतात. पण त्या साध्या कांडीपेक्षा महाग आहेत आणि लहान शेतकऱ्याला परवडतील की नाही हा प्रश्न विचारायलाच हवा. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

फुकट वाटपाच्या आरोपाला बायफचा ‘वाडी’ कार्यक्रम पुरेसा आहे. १९८२ मध्ये दक्षिण गुजरातमधल्या वांसद्यात तो सुरू झाला, पुढे जव्हार-मोखाड्यात आला. आदिवासी कुटुंबाच्या एक एकर उताराच्या जमिनीवर आंबा आणि काजू, कडेने कुंपणाला जंगली झाडं, मधल्या जागेत भात, नागली किंवा भाजी. कलमं संस्था देते. खड्डे खणणं, बांध घालणं, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून झाड जगवणं हे कुटुंबाचं. आंबा हाती यायला चार-पाच वर्षं जातात, आणि तोवर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा मोह रोज समोर असतो. फुकट घेऊन लाचार झालेला माणूस इतकी वर्षं झाड सांभाळत नाही. शेती आणि ग्रामविकासाला पैसा पुरवणाऱ्या नाबार्ड या बँकेने २००३-०४ मध्ये आदिवासी विकास निधी काढला तो याच नमुन्यावर.

मेसेजने याच झटक्यात पुरंदर तालुक्यातल्या पाणी पंचायतीलाही, म्हणजे समान पाणीवाटपाच्या चळवळीलाही, ओढलं आहे, म्हणून तेही सांगतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे नायगावात उतरले. त्यांच्या नियमांत पाणी जमिनीच्या एकरावर मिळत नव्हतं, घरातल्या माणसांवर मिळत होतं: माणशी अर्धा एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकत जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून घालायचा. आज टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या कुठल्याही तालुक्यात यातला ‘ऊस नाही’ हा एकच नियम मांडून बघा, म्हणजे हे काम किती अवघड होतं ते कळेल.

राहिला परदेशी पैसा. हो, घेतला. वाडीच्या प्रसारासाठी जर्मनीच्या विकास बँकेचा पैसा आला, तोही आपल्याच नाबार्डमार्फत. परदेशी देणग्यांचा कायदा देशात १९७६ पासून आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक देणगी आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेत उतरते, आणि त्यातला २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग प्रशासनावर खर्च करता येत नाही. संस्थांचे वार्षिक हिशेब बघता येतात. बायफचं मुख्य कार्यालय वारज्यात, हायवेला लागून आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी तिथे जाऊन अहवाल मागावा, आणि जमलं तर एखाद्या ‘बायफच्या डॉक्टर’बरोबर दोन गोठे हिंडून यावं.